सत्तेत राहूनही निर्लेप : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

आमच्या कुवेंपुनगराला राष्ट्रकवी कुवेंपु यांचे नाव आहे. कुवेंपु ज्या म्हैसूर विद्यापीठाचे पुढे कुलगुरू झाले, ते विद्यापीठ १९१६ मध्ये सुरू झाले तेव्हा म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपण त्यांना थोर अभियंता म्हणून ओळखता. आज त्यांच्याकडे एक प्रामाणिक राज्यकर्ता म्हणून पाहूया.

त्यांचा जन्म मुद्देनहळ्ळी या लहान गावातला. वडील संस्कृतचे पंडित, पण घरची परिस्थिती बेताची. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे या भागांत त्यांनी काम केले. खडकवासला धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले. पुण्यात त्यांना रानडे आणि गोखले यांचा सहवास लाभला. म्हणजे या कन्नड सुपुत्राच्या घडणीत महाराष्ट्राचाही वाटा आहे.

१९१२ मध्ये दिवाणपद चालून आले. आपल्यापैकी कोणाला असे पद मिळाले, तर आपण आधी पेढे वाटू. त्यांनी आधी आप्तेष्टांना गोळा केले आणि एक अट घातली : नोकरीसाठी किंवा कामासाठी कोणीही माझ्याकडे शिफारस मागू नये. ही अट मान्य झाल्यावरच त्यांनी पद स्वीकारले.

जरा विचार करा. लाच नाकारणे एक वेळ सोपे, कारण देणारा परका असतो. घरच्या माणसाला नाही म्हणणे फार कठीण. सरकारी काम संपले की ते सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची लावत, अशी गोष्टही सांगतात. वाणिज्य शाखेत पहिला धडा हाच असतो : मालकाचा पैसा वेगळा, व्यवसायाचा पैसा वेगळा. विश्वेश्वरय्यांनी तो धडा वहीत न ठेवता जगून दाखवला.

त्यांच्या कारकिर्दीत कृष्णराजसागर धरणाचे काम पुढे गेले आणि १९१३ मध्ये म्हैसूर बँक उभी राहिली. पण कसोटीचा क्षण १९१८ मध्ये आला. मागे राहिलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाढीव वाटा द्यावा, असे महाराज कृष्णराज वडियार यांचे मत होते. निवड केवळ गुणवत्तेवर व्हावी, असे विश्वेश्वरय्यांना वाटे. वंचितांना संधी देण्याचा महाराजांचा विचार काळाने योग्य ठरवला, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे. प्रामाणिक माणसाचेही प्रत्येक मत बरोबर असतेच असे नाही. तरीही जे पटत नाही ते राबवत खुर्चीला चिकटून राहणे त्यांना मान्य नव्हते. ते पायउतार झाले.

आणि रुसून बसले नाहीत! पुढे भद्रावतीचा तोट्यातला लोखंड कारखाना सावरण्यासाठी संस्थानाने त्यांना बोलावले, तेव्हा ती जबाबदारी त्यांनी घेतली. पद गेले होते, सेवा सुटली नव्हती. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी देह ठेवला.

आपल्या हाती दिवाणपद नसेल. पण सोसायटीचा निधी, मंडळाची वर्गणी, कार्यालयातला कागद आणि फोन तर असतो. आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारूया : आपण कोणाची मेणबत्ती जाळत आहोत?