नावाभोवतीची मोकळी जागा

संध्याकाळच्या गर्दीच्या गाडीत डुलकी लागावी आणि एकदम दचकून जाग यावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठीशी असतो. कोणते स्टेशन आले म्हणून खिडकीबाहेर पाहावे, तर साबण, चहा, साड्या आणि क्लासेस यांच्या जाहिरातींची दाटी! त्या दाटीत नाव सापडेपर्यंत गाडी हललेलीही असते. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांची अशीच फजिती होत असे. ती दूर करण्यात ज्याचा मोठा वाटा, तो माणूस स्वतः मात्र गर्दीपासून दूर, खेड्यातल्या घरात बोरूसारख्या लेखणीने अक्षरे घोटत बसणारा होता. त्याचे नाव एडवर्ड जॉन्स्टन.

त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १८७२ चा, दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशातला. आईवडील स्कॉटिश. मूल तीन वर्षांचे असताना कुटुंब इंग्लंडला परतले. प्रकृती तोळामासा, शिक्षण बहुतेक घरीच. पुढे एडिंबरोला वैद्यकीचा अभ्यास सुरू केला, पण तोही प्रकृतीपायी सोडावा लागला. विशी उलटून गेलेला, ना पदवी, ना धंदा! अशा मुलाची चिंता कोणत्याही घरात केली गेली असती.

१८९८ मध्ये लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्सचे प्राचार्य विल्यम लेथॅबी यांची आणि त्याची गाठ पडली. जुन्या हस्तलिखितांची विद्या पुन्हा जागवावी, ही लेथॅबींची तळमळ. जॉन्स्टन ब्रिटिश म्युझियममध्ये बसून शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या पाहू लागला आणि त्याला एक साधी गोष्ट उमगली. ही अक्षरे रेखाटून मग रंगवलेली नाहीत. चपट्या टोकाची लेखणी एका ठरावीक कोनात धरली, की जाड-बारीक रेषा आपोआप उमटते! बोरूने कित्ता गिरवलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना यात नवल वाटले नसते. इंग्लंड मात्र ते विसरले होते.

१८९९ च्या सप्टेंबरात त्याचा वर्ग सुरू झाला, मोजक्या विद्यार्थ्यांचा. १९०१ पासून तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येही शिकवू लागला. काळ्या फळ्यावर चपट्या खडूने तो भलीमोठी पांढरी अक्षरे काढून दाखवी. अक्षर म्हणजे नुसती रेषा नव्हे, रेषेच्या आतली आणि भोवतालची रिकामी जागाही अक्षराचाच भाग आहे, हे त्याच्या शिकवण्याचे सार. १९०६ मध्ये त्याचे लेखनकलेवरचे पुस्तक निघाले आणि १९१० मध्ये त्याचा जर्मन अनुवादही झाला. दरम्यान १९०३ मध्ये ग्रेटा ग्रेग हिच्याशी लग्न झाले, तीन मुली झाल्या. १९१२ मध्ये हे कुटुंब लंडन सोडून ससेक्समधल्या डिचलिंग या खेड्यात राहायला गेले.

इकडे लंडनमध्ये फ्रँक पिक नावाचा एक कर्तबगार अधिकारी १९०८ पासून भुयारी रेल्वेच्या प्रसिद्धीचे काम पाहत होता. स्टेशनची नावे जाहिरातींत हरवू नयेत म्हणून त्याच साली फलाटांवर नवे फलक लागले. निळ्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि पट्टीच्या मागे लालभडक भरीव तबकडी. डोळ्यांना निदान ठिकाण सापडू लागले! पण अक्षरांना शिस्त नव्हती आणि तबकडीही बोजड होती. १९१३ मध्ये पिक आणि जॉन्स्टन यांची भेट झाली.

आता गंमत पाहा. पोथीतल्या अक्षरांचा हा उपासक आणि त्याला काम मिळाले यंत्रयुगातल्या सर्वांत धावपळीच्या जागेचे! १९१५ मध्ये त्याने आपला शिष्य एरिक गिल याच्यासोबत ते हाती घेतले. गिल लवकरच दुसऱ्या कामांपायी बाजूला झाला, जॉन्स्टनने ते पुरे केले. १९१६ मध्ये वर्णमाला वापरात आली. कोठे वेलांटी नाही, टोकाला शेपूट नाही. ‘ओ’ म्हणजे नेमके वर्तुळ. रेषा सगळीकडे जवळजवळ सारख्या जाडीची. फक्त छोट्या ‘आय’वरचा ठिपका गोल नव्हता, तर शंकरपाळ्यासारखा चौकोनी होता. चपटी लेखणी कागदावर नुसती टेकवली की असाच ठिपका उमटतो. बोरूने लिहिलेल्या बाळबोध अक्षरांवरचा अनुस्वार आठवून पाहा!

मग त्याने त्या लाल तबकडीकडे मोर्चा वळवला. तिचे पोट काढून टाकले आणि उरले एक लाल कडे! १९१७ मध्ये या बोधचिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. बदल म्हटला तर एवढासा, पण त्यामागचे शहाणपण मोठे आहे. लाल आणि निळा हे दोन्ही रंग गडद. ते अंगाला अंग लावून बसले की मंद उजेडात पट्टीची कड विरघळते. मधला लाल रंग गेला आणि तिथे पांढरा आला, तेव्हा निळी पट्टी उठून दिसली, पट्टीवरची पांढरी अक्षरे उठून दिसली आणि बाहेरच्या लाल कड्याने भोवतालच्या जाहिरातींना जणू उंबऱ्याबाहेरच थांबवले. नाव मोठे केले नाही, रंग भडक केला नाही. नावाला श्वास घ्यायला जागा तेवढी दिली.

या कामाने जॉन्स्टनला काय दिले? त्याची वर्णमाला कित्येक दशके रेल्वेच्या मालकीची राहिली, बाजारात ती विकतच मिळत नव्हती. १९२८ मध्ये गिलने तिच्याच वळणावर ‘गिल सान्स’ हा टाइप काढला आणि जगभरच्या छापखान्यांत शिष्याचे नाव गेले. गुरू डिचलिंगलाच राहिला. काम सावकाश, हात पुरेसा समाधानी झाल्याशिवाय काही सोडायचे नाही. १९३६ मध्ये ग्रेटा गेली. १९३९ मध्ये त्याला सीबीई हा सरकारी किताब मिळाला. पुढच्याच वर्षी लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि हजारो कुटुंबे रात्री भुयारी फलाटांवर अंथरुणे टाकून झोपू लागली. त्यांच्या उशाशी भिंतीवर ती लाल कडी होती. २६ नोव्हेंबर १९४४ रोजी, युद्ध संपायच्या आधीच, जॉन्स्टनने डिचलिंगला डोळे मिटले.

१९७९ मध्ये एइइची कोनो या जपानी कलावंताने ती वर्णमाला नव्या गरजांसाठी सुधारली. शताब्दीला, २०१६ मध्ये, ती पुन्हा घडवली गेली आणि संगणकाच्या काळातली ‘ॲट’सारखी चिन्हे तीत आली. आज दुकानाच्या पाटीपासून संकेतस्थळापर्यंत प्रत्येकाला आपले बोधचिन्ह उठून दिसायला हवे असते. त्यासाठी बहुतेक जण ते मोठे करतात, त्याला सावली देतात, चकाकी देतात. जॉन्स्टनने आधी मागची जागा पाहिली असती आणि तिथले काय काढून टाकता येईल याचा विचार केला असता.

लंडनच्या हॅमरस्मिथ टेरेसमध्ये ज्या घरात तो १९१२ पर्यंत राहिला, त्या घराच्या भिंतीवर त्याच्या स्मरणार्थ एक गोल फलक लावलेला आहे. रस्त्यावरून जाता जाताही तो वाचता येतो, कारण निळ्या गोलावर अक्षरे पांढरी आहेत.