नावानं बुडवलं, नावानंच तारलं : टीव्हीवरचा पहिला काउबॉय विल्यम बॉइड

अमेरिकेत आजही घरावर साधा अँटेना लावला, की काही वाहिन्या फुकट दिसतात. ना केबलचं बिल, ना डिशचं रिचार्ज. त्यातलीच एक 'ग्रिट'. २०१४ साली ती सुरू झाली. तिच्यावर जुने वेस्टर्न सिनेमे आणि मालिका चालतात. धुळीतनं धावणारे घोडे, टोप्या घातलेले काउबॉय, गावाच्या वेशीवर आलेले दरोडेखोर आणि शेवटी खऱ्याचा विजय. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर एकाच लहरीवर चार-पाच वाहिन्या बसू लागल्या, त्यामुळे अशा जुन्या मालाला नव्यानं जागा मिळाली.

पण जुने सिनेमे टीव्हीवर दाखवले तर लोक खरंच बघतील का, हा प्रश्न पहिल्यांदा ज्याच्या घरादारावर बेतला, तो माणूस ५० वर्षांहून अधिक काळापूर्वी गेला. त्याचं नाव विल्यम बॉइड. जगानं त्याला ओळखलं ते मात्र दुसऱ्याच नावानं, हॉपअलाँग कॅसिडी. पोरांचा लाडका 'हॉपी'. त्याची गोष्ट सिनेमापेक्षा भारी आहे.

मजुराचा पोरगा

बॉइडचा जन्म ५ जून १८९५ चा, ओहायो राज्यातल्या हेंड्रिसबर्ग या लहानशा गावातला. वडील रोजंदारीवर काम करणारे. पुढे कुटुंब ओक्लाहोमातल्या टल्साला गेलं. वडील लवकर गेले आणि पोरगा पोटापाण्यासाठी कॅलिफोर्नियाला निघाला. तिथं त्यानं संत्र्याच्या बागेत फळं तोडली, जमीन मोजणीवर काम केलं, मोटारी विकल्या. मिळेल ते काम आणि मिळेल ती मजुरी.

दिसायला मात्र पठ्ठ्या राजबिंडा. उंच, रुंद खांद्यांचा, आणि ऐन तरुणपणीच केस पांढरे व्हायला लागलेले. दुसऱ्या कुणाला त्याची लाज वाटली असती. याला मात्र ते पांढरे केस पुढं आयुष्यभर उपयोगी पडले. १९२० च्या सुमारास तो हॉलिवूडमध्ये गर्दीतल्या किरकोळ कामांना लागला. सिसिल बी. डिमिल या बड्या दिग्दर्शकाची नजर त्याच्यावर पडली आणि नशीब फिरलं. १९२६ चा 'द व्होल्गा बोटमन' हा मूकपट त्यानं नायक म्हणून केला. दुसऱ्याच वर्षी डिमिलच्याच 'द किंग ऑफ किंग्ज'मध्ये येशूचा क्रूस खांद्यावर घेणारा सायमन त्यानं रंगवला. १९२९ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथसारख्या दिग्गजाकडंही काम केलं.

त्या काळात त्याची कमाई वर्षाला लाखभर डॉलरच्या घरात होती. पैसा आला तसा गेलाही. दारू, पार्ट्या, जुगार, बंगले. लग्नं झाली आणि मोडली. एक मुलगा झाला होता, तो वर्षाचाही होण्याआधी न्यूमोनियानं गेला. बाहेरनं झगमगाट होता, पण घर काही लागलं नव्हतं.

फोटो चुकला आणि आयुष्य उलटं झालं

१९३१ साली आक्रीत घडलं. विल्यम बॉइड याच नावाचा आणखी एक नट होता, रंगभूमीवरनं आलेला. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. त्या दुसऱ्या बॉइडला दारू आणि जुगाराच्या प्रकरणात पोलिसांनी पकडलं. बातमी खरी होती. पण वर्तमानपत्रांत छापून आलेला फोटो मात्र आपल्या बॉइडचा!

झालं. खुलासे आले, चूक कबूल झाली, पण पहिल्या पानावर छापलेला चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढनं हलत नाही. आरकेओ या स्टुडिओनं त्याच्याशी असलेला करार मोडला. जी गोष्ट त्यानं केलीच नव्हती, तिची शिक्षा त्यानं भोगली. गोंधळ नको म्हणून काही सिनेमांत त्यानं 'बिल बॉइड' असं नाव लावून बघितलं, तरी कामं आटत गेली. वर जागतिक मंदीचा काळ. चाळिशीला आलेल्या नटाचा खिसा रिकामा झाला.

बातमीच्या धंद्यात असलेल्या आम्हाला ही गोष्ट वाचताना बोचते. आज मोबाईलवर एका बोटानं फोटो शंभर ग्रुपवर जातो. नावसारखेपणामुळं भलत्याच माणसाचा फोटो फिरतो, आणि खुलासा मात्र दहा जणही पुढं पाठवत नाहीत. बॉइडच्या वेळी छापखाना होता, आता फोन आहे. फरक तेवढाच.

लंगडा काउबॉय सरळ चालायला लागला

१९३५ मध्ये हॅरी शर्मन नावाचा निर्माता हॉपअलाँग कॅसिडी या पात्रावर सिनेमा काढायला निघाला. हे पात्र लेखक क्लॅरेन्स मलफर्डनं १९०४ पासून कथांमधून उभं केलं होतं. मूळचा कॅसिडी म्हणजे रांगडा, शिवराळ, भांडखोर गडी. पाय अधू, म्हणूनच लंगडत चालणारा असं त्याचं नाव. बॉइडला आधी दुय्यम भूमिका देऊ केली होती. त्यानं विचारलं, मुख्य भूमिकाच मला का नको? आणि ती त्याला मिळाली.

बॉइडनं मग पात्रच बदलून टाकलं. पहिल्या सिनेमात लंगडण्याला कारण दिलं, पुढं ते लंगडणं गेलंच. त्याचा कॅसिडी दारूऐवजी साधं शीतपेय मागवायचा, सिगारेट ओढत नसे, शिवी देत नसे. मारामारीत पहिला हात उचलायचा तो खलनायकानं. त्या काळी वेस्टर्नमध्ये चांगल्याची टोपी पांढरी आणि वाईटाची काळी, असा सरधोपट हिशेब असायचा. यानं तो उलटा केला. अंगावर पायापासनं डोक्यापर्यंत काळा पोशाख, खाली पांढराशुभ्र घोडा टॉपर, आणि टोपीखालनं दिसणारे ते चांदीसारखे केस.

लोकांना हा वडीलधाऱ्यासारखा काउबॉय आवडला. १९३५ ते १९४८ या काळात या मालिकेतले ६६ सिनेमे निघाले. रॉबर्ट मिचम हा पुढं मोठा झालेला नटही याच सिनेमांत सुरुवातीला किरकोळ खलनायक म्हणून दिसला होता.

खासगी आयुष्यही याच सुमाराला सावरलं. १९३७ मध्ये, आपल्या वाढदिवशीच, बॉइडनं ग्रेस ब्रॅडली या अभिनेत्रीशी लग्न केलं. हे त्याचं पाचवं लग्न. ती वयानं १८ वर्षांनी लहान. हॉलिवूडनं चार दिवसांची गंमत समजून सोडून दिलं असेल, पण हे लग्न त्याच्या मरणापर्यंत टिकलं. पडद्यावरचा सोज्वळ माणूस हळूहळू पडद्याबाहेरही उतरत गेला.

सगळं विकून घेतलेला डाव

६६ पैकी पहिले ५४ सिनेमे शर्मनचे. मग शर्मन कंटाळला, त्याला मोठे सिनेमे करायचे होते. शेवटचे १२ बॉइडनं स्वतः काढले, पण खर्चाला कात्री लागलेली आणि थिएटरची गर्दीही ओसरलेली. १९४८ मध्ये मालिका थांबली. बॉइड ५३ वर्षांचा. सगळ्यांच्या लेखी त्याची सद्दी संपली होती.

इथं त्यानं जे केलं, त्याला वेडेपणाच म्हटलं असतं कुणीही. पात्राचे हक्क मलफर्डकडनं आणि जुने सिनेमे शर्मनकडनं विकत घ्यायचं त्यानं ठरवलं. किंमत साडेतीन लाख डॉलर. आपलं रँच त्यानं विकलं, होतं नव्हतं ते विकलं किंवा गहाण टाकलं. कशासाठी? तर लोकांनी थिएटरात एकदा बघून झालेल्या सिनेमांसाठी!

पण त्याचा हिशेब वेगळा होता. अमेरिकेत तेव्हा टीव्ही नुकता घराघरांत शिरू लागला होता. १९५० सालीही शंभरातल्या जेमतेम नऊ घरांत तो होता. केंद्रांकडे दाखवायला माल नव्हता. मोठे स्टुडिओ टीव्हीला वैरी समजत, आपले सिनेमे द्यायला तयार नसत. बॉइडकडं मात्र तयार गोष्टींचं अख्खं कोठार होतं. त्यानं एक सिनेमा एनबीसीच्या लॉस एंजेलिसमधल्या केंद्राला नाममात्र भाड्यानं दिला. बघा, चालतोय का.

तो असा चालला, की एनबीसीला नवी मालिका तयार होईपर्यंत दम निघेना. जुनेच सिनेमे कापून बेताच्या लांबीचे केले आणि २४ जून १९४९ पासून देशभरच्या जाळ्यावर दाखवायला सुरुवात झाली. अमेरिकी टीव्ही नेटवर्कवरची ही पहिली वेस्टर्न मालिका. थिएटरात ज्याला म्हातारा म्हणून बाजूला सारलं होतं, तो आता दिवाणखान्यात पोराटोरांचा देव झाला.

डब्यावरचा चेहरा

१९५० हे वर्ष त्याचंच. 'लाइफ', 'लुक' आणि 'टाइम' या तिन्ही नावाजलेल्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर हॉपी झळकला. हक्क स्वतःकडं असल्यानं त्याच्या नावाची घड्याळं, सायकली, स्केट, चित्रकथा, काय काय बाजारात आलं, आणि प्रत्येक वस्तूमागं त्याचा वाटा. अलाद्दिन नावाच्या कंपनीनं शाळेच्या पत्र्याच्या डब्यावर हॉपीचं चित्र लावलं. वर्षाला ५० हजार डबे विकणारी ती कंपनी ६ लाखांवर गेली. आज आपल्या पोरांच्या डब्यावर आणि दप्तरावर कार्टून असतं ना, त्या धंद्याची ही सुरुवात.

१९५१ मध्ये लॉस एंजेलिसजवळ त्याच्या नावाचं मनोरंजन उद्यानही निघालं. ते मात्र १९५४ पर्यंतच टिकलं. १९५२ पासून अर्ध्या तासाचे नवे भाग आले. मुलांसाठी त्यानं क्लब काढला होता. खरं बोला, आई-बापाचं ऐका, अंगाची काळजी घ्या, असे त्याचे साधे नियम.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या वेस्टर्नमध्ये अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना बहुतेकदा शत्रू म्हणून रंगवलं गेलं, त्यांच्या जमिनी गेल्या ती बाजू दिसलीच नाही. आज या वाहिन्या बघणाऱ्यानं ते लक्षात ठेवून बघावं. हॉपीच्या गोष्टी मुख्यतः गुरंचोर आणि लबाड सावकारांभोवती फिरत, पण त्या घडत होत्या त्याच काल्पनिक पश्चिमेत.

बॉइडनं उघडलेल्या दारातनं मग अख्खी फौज आत आली. 'लोन रेंजर' १९४९ मध्येच टीव्हीवर आला. १९५५ ला सुरू झालेली 'गनस्मोक' २० वर्षं चालली. १९५९ ला 'बोनान्झा' आली, ती १४ वर्षं. आजच्या वेस्टर्न वाहिन्या ज्या शिदोरीवर जगतात, तिची पहिली भाकरी याच्या घरची.

आरशापुढं न आलेला म्हातारा

नाव आणि पैसा असतानाच त्यानं थांबायचं ठरवलं. टीव्हीचे भाग संपल्यावर तो हळूहळू कामातनं बाजूला झाला आणि ग्रेससोबत कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टला जाऊन राहिला. हॉपीखेरीज दुसरी भूमिका त्यानं जवळपास केलीच नाही. मुलांच्या मनातला माणूस मोडायचा नव्हता त्याला.

१९६८ मध्ये गाठीच्या आजारासाठी शस्त्रक्रिया झाली. शरीर खंगलं. त्यानंतर त्यानं मुलाखती देणं बंद केलं, फोटो काढू देणंही बंद केलं. पोरांनी आपल्याला घोड्यावर ताठ बसलेलं बघितलंय, तसंच त्यांच्या डोळ्यांपुढं राहू दे, एवढीच त्याची इच्छा. एका चुकीच्या फोटोनं ज्याला रस्त्यावर आणलं, त्याला फोटोची किंमत दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. १२ सप्टेंबर १९७२ रोजी तो गेला. पार्किन्सन आणि हृदयविकारानं गाठलं होतं. वय ७७.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आपल्याकडं टीव्हीची कहाणी सुरू होत होती, तेव्हा तिकडं टीव्हीचा पहिला काउबॉय पडद्याआड गेला होता.

ग्रेस पुढं ३८ वर्षं जगली. २०१० मध्ये, आपल्या ९७ व्या वाढदिवशी, ती गेली. ओक्लाहोमा सिटीतल्या काउबॉय संग्रहालयाच्या मानाच्या यादीत १९९५ मध्ये बॉइडचं नाव लागलं.

दुसऱ्याच्या गुन्ह्यात हकनाक बदनाम झालेला हा माणूस. पुढं त्यानं उसनं घेतलेलं एक नाव इतकं जपलं, की ते त्याचं स्वतःचंच झालं. आपल्या कष्टाचे हक्क आपल्या हातात ठेवायचे, आणि लोकांनी दिलेला विश्वास शेवटपर्यंत सांभाळायचा. गावोगावच्या कलावंतांनी, लोकनाट्यवाल्यांपासनं युट्युबवाल्या पोरांपर्यंत सगळ्यांनीच, बॉइडकडनं एवढं घेतलं तरी पुष्कळ झालं.