नाथांची एक पै

दत्तजयंती जवळ आली की आमच्या मंदिरात सप्ताह बसतो. गुरुचरित्राचे पारायण, पालखी आणि रोज संध्याकाळी आरती. आरतीला आपले हात आपोआप टाळ्या वाजवतात, पण ती ज्यांनी लिहिली त्यांची आठवण किती जणांना होते? घरोघरी म्हटली जाणारी ती दत्ताची आरती पैठणच्या एकनाथ महाराजांची. यंदाच्या अंकात मला नाथांवरच लिहावेसे वाटले. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगतो.

नाथ हे संत भानुदासांचे पणतू. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी, दोघेही नाथ लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणींनी त्यांना सांभाळले. पुढे गुरूच्या ओढीने हे पोर घर सोडून थेट देवगिरीला गेले. तिथे जनार्दनस्वामी किल्लेदार होते. चाकरी सुलतानाची, पण चित्त सगळे दत्तचरणी. स्वामींच्या कृपेने नाथांना दत्तदर्शन झाले, तेही मलंग फकिराच्या वेषात. प्रथम नाथांनी ओळखलेच नाही म्हणतात! देव कोणत्या रूपात दारी येईल याचा नेम नाही, हा धडा त्यांना तिथेच मिळाला असावा.

स्वामींनी नाथांना हिशेबाचे काम दिले होते. एकदा जमाखर्चात एका पैची चूक निघाली. नाथ रात्रभर दिव्याजवळ बसून राहिले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली आणि स्वामी जागे झाले. एवढ्याशा चुकीचा छडा लागला तर इतका आनंद, मग संसाराची मोठी चूक कळली तर केवढा होईल, असे स्वामींनी त्यांना समजावले. आपण ही गोष्ट गुरुबोधासाठी सांगतो, ते बरोबरच. पण मला तिच्यात नाथांचा स्वभावही दिसतो. एक पै आहे, सोडून द्या, असे या माणसाला कधी म्हणताच आले नाही.

गुरूंच्या आज्ञेने नाथ पुढे पैठणला परतले आणि त्यांनी गिरिजाबाईंशी संसार मांडला. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची मोठी टीका 1573 साली काशीत पूर्ण झाली. त्याच स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वीकडून क्षमा शिकलो आणि झाडाकडून दुसऱ्यासाठी जगणे, हे तिथलेच. 1584 साली नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ही झाली मोठी कामे. पण पैठणच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी नातवंडांना सांगितल्या त्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत महाराचे एक पोर रडत होते. नाथ स्नान करून येत होते. त्यांनी पोराला कडेवर घेतले, नाक-डोळे पुसले आणि घरी नेऊन पोचवले. श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता, वासाने भुकेले अस्पृश्य दाराशी थबकले, तर नाथ-गिरिजाबाईंनी आधी त्यांना पोटभर वाढले. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, तर ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. बरोबरचे यात्रेकरू हळहळले, की एवढी पायपीट फुकट गेली. नाथांच्या मते रामेश्वर तिथेच पावला होता.

बघा, यात मोठे असे काय आहे? एक पोर, एक जेवण, घोटभर पाणी. पण त्या काळी त्याची किंमत मोजावी लागे. पैठणच्या ब्रह्मवृंदाने नाथांना दोष दिला, प्रायश्चित्त सांगितले. नाथ भांडले नाहीत, आणि वागणेही बदलले नाही. 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. त्यांना प्रायश्चित्त सांगणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. त्या पोराची गोष्ट मात्र चारशे वर्षे घरोघरी सांगितली जाते, आणि ती ऐकून कितीतरी हात पुढे झाले असतील.

आता माझे कारण. मागच्या वर्षी जयंतीच्या दुपारी मी सोवळ्यात अभिषेकाची तयारी करत होतो. वाडीहून आणलेले कृष्णेचे पाणी तांब्यात होते. फाटकाशी भंगार वेचणारी एक म्हातारी आली, पाणी द्या म्हणाली. मी म्हटलं, पुढे नळ आहे. अभिषेक उरकून बाहेर आलो तेव्हा ती गेली होती, आणि माझ्या ध्यानात आलं की पुढचा नळ त्या दिवशी बंद होता. रात्री पोथी उघडली, पण मन लागेना. गाढवाला गंगा पाजणाऱ्याची आरती आम्ही म्हणतो, आणि माणसाला घोटभर पाणी दिले गेले नाही. माझ्या हिशेबातली ती पै अजून सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर माठ ठेवला. रोज सकाळी पूजेआधी तो घासून भरतो. गुडघे दुखतात, पण हे काम सुनेवर टाकत नाही. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. माठ मात्र संध्याकाळपर्यंत रिकामा होतो, म्हणजे कोणीतरी पितं.

श्री गुरुदेव दत्त!