लुई ब्रेलचे सहा ठिपके सगळ्यांना माहितीयेत, पण त्यांनी नकाशेही ठिपक्यांत आणले होते

आज मोबाईलवर फोटो आला की त्यात काय आहे, हे एआय अंध माणसाला बोलून सांगतं. पण अंधांपर्यंत चित्र पोहोचवायचं कसं, या प्रश्नाला पॅरिसमधले एक अंध शिक्षक १८३९ सालीच भिडले होते. त्यांचं नाव लुई ब्रेल.

४ जानेवारी १८०९ ला फ्रान्समधल्या कूव्रे गावात लुईचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरं बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या दुकानात खेळत होता आणि आरी डोळ्यात घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथल्या पुस्तकांत नेहमीचीच अक्षरं उठावदार छापलेली असायची. एकेक अक्षर चाचपत वाचायला फार वेळ लागायचा. त्यातच चार्ल्स बार्बिए यांची बारा ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. लुईने तिच्यावरून सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. एक अक्षर, बोटाचा एकच स्पर्श. तेव्हा तो होता अवघ्या १५ वर्षांचा.

पुढे ते तिथेच शिक्षक झाले. पण अडचणी उरल्याच होत्या. घरच्या डोळस माणसांना ही लिपी वाचता येईना आणि नकाशा काही सहा ठिपक्यांत मावेना.

मग १८३९ मध्ये ब्रेल यांनी दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. दहा ठिपके उंचीच्या जाळीत नेहमीच्या अक्षराचा आकारच ठिपक्यांनी उठवायचा. डोळसाला तो दिसतो, अंधाच्या बोटाला लागतो. नकाशे आणि भूमितीच्या आकृत्याही अशाच काढायच्या. याच शाळेत शिकलेल्या पिएर फुको यांनी १८४१ मध्ये त्यासाठी यंत्रही बनवलं.

६ जानेवारी १८५२ ला क्षयाने ब्रेल गेले. वय अवघं ४३. त्यांच्याच शाळेने सहा ठिपक्यांना अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. आज मराठी ब्रेलही त्याच सहा ठिपक्यांवर चालतं.

आता परत एआयकडे येऊ. आलेखाचं वर्णन करताना एआयने आकडा चुकीचा सांगितला, तर नुसतं ऐकणाऱ्याला ते कळणार कसं? उठावाचा आलेख हाताखाली असेल तर तो स्वतः बोट फिरवून खात्री करू शकतो. ब्रेल यांच्या दोन्ही पद्धतींचा फायदा हाच होता. मध्ये सांगणारा कुणी लागत नव्हता. म्हणून एआयने वर्णन जरूर करावं, पण शाळेतल्या अंध मुलाच्या हातात बोटांना लागणारा नकाशाही हवाच.