सरपण विकणारा जनरल

युलिसिस ग्रँट १८४६ मध्ये मेक्सिकोच्या लढाईवर गेला तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होता. लढला चांगला, पण पटलं नाही. दुबळ्या शेजाऱ्याची जमीन लाटण्यासाठीचं हे युद्ध अन्यायाचंच, असं त्याचं मत होतं.

१८५४ मध्ये सैन्य सोडलं. शेती बुडाली, सेंट लुईसमध्ये सरपण विकलं, शेवटी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात. (करिअर गंडणं म्हणजे काय, ते याला विचारा!) तिकडे मेक्सिकोकडून घेतलेल्या जमिनीवर गुलामगिरी चालणार का, यावरून देश फाटत होता. १८६१ मध्ये यादवी पेटलीच.

तीन वर्षांत हा दुकानदार उत्तरेचा सरसेनापती झाला. त्याच्या मोहिमांत माणसं हजारोंनी मेली, तेही खरं. ९ एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचा जनरल ली शरण आला. मेक्सिकोत दोघं एकाच बाजूने लढलेले. ग्रँटने लीच्या सैनिकांना त्यांचे घोडे घरी नेऊ दिले, पेरणी तोंडावर होती म्हणून.

पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष. मग १८८४ मध्ये दिवाळं, त्यात घशाचा कॅन्सर. घरच्यांसाठी पैसा हवा म्हणून आठवणी लिहायला बसला. यादवीचं मूळ मेक्सिकोच्या युद्धात आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं. पुस्तक संपलं आणि काही दिवसांत, २३ जुलै १८८५ ला, तो गेला.