सॅम मॅग्वायर कोण होते? एकही फायनल न जिंकलेल्या खेळाडूच्या नावाने का दिला जातो आयर्लंडचा मानाचा कप?

गेलिक फुटबॉलच्या ऑल-आयर्लंड विजेत्यांना मिळणाऱ्या कपला आयरिश लोक नुसतं 'सॅम' म्हणतात. हे सॅम नेमके कोण?

खेळ काय आहे?
दोन्ही संघांत १५-१५ खेळाडू. चेंडू हाताने आणि पायाने खेळता येतो. गोलपोस्ट 'एच' अक्षरासारखा असतो.

पोस्टातील कर्मचारी
मॅग्वायर यांचा जन्म १८७७ मध्ये कॉर्क परगण्यातील डनमॅनवेजवळ, प्रोटेस्टंट शेतकरी कुटुंबात झाला. पोस्टातील नोकरीसाठी ते लंडनला गेले आणि तिथे हायबर्नियन्स क्लबकडून खेळू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लंडनच्या संघाचं फायनलमध्ये नेतृत्वही केलं, पण किताब मिळाला नाही.

मैदानाबाहेर
पुढे ते लंडन काउंटी बोर्डाचे अध्यक्ष झाले. परक्या शहरात आलेल्या आयरिश तरुणांना या खेळाने एकत्र बांधलं. १९०९ मध्ये त्यांनीच मायकेल कॉलिन्स यांना आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड या गुप्त संघटनेत आणलं. स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश सरकारचा पगार घेणारे मॅग्वायर लंडनमध्ये कॉलिन्स यांच्यासाठी हेरगिरी करत होते.

शेवट हलाखीत
आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर ते मायदेशी परतले. पण ज्या देशासाठी जीव धोक्यात घातला, तिथेच त्यांची सरकारी नोकरी गेली. १९२७ मध्ये क्षयरोगाने त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ४९.

मग कप कसा आला?
मित्रांनी त्यांच्या स्मरणार्थ चांदीचा कप बनवून घेतला. १९२८ मध्ये तो पहिल्यांदा किल्डेअरने जिंकला. मूळ कप झिजल्याने १९८८ पासून त्याची प्रतिकृती दिली जाते. नाव मात्र तेच आहे.