दर दोन तासांनी

पाठीचा कणा मोडून मज्जारज्जू दुखावलेला रोगी म्हणजे मृत्यूची वाट पाहणारा रोगी, असे वैद्यकशास्त्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत मानत आले होते. हा समज खोटा ठरविणाऱ्या सर लुडविग गुटमन यांच्यापाशी एखादे नवे औषध नव्हते, की थक्क करणारी शस्त्रक्रियाही नव्हती. शुश्रूषा हाच उपचार, ही अढळ श्रद्धा तेवढी होती.

१८९९ साली अप्पर सायलेशियातील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हा प्रदेश त्या वेळी जर्मनीत होता, आज पोलंडमध्ये आहे. १९१७ साली खाणकामगारांच्या एका इस्पितळात ते शुश्रूषक म्हणून राबत असताना कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तेथे आला. तो जगणार नाही हे वरिष्ठांनी आधीच गृहीत धरले होते. काही आठवड्यांत जंतुदोषाने तो गेलाही. त्या मृत्यूचा विसर गुटमन यांना कधी पडला नाही.

पुढे ब्रेस्लाऊ येथे मज्जाविकारांचे तज्ज्ञ म्हणून त्यांनी लौकिक मिळविला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि केवळ वंशाच्या कारणाने त्यांना नोकरी गमवावी लागली. मग तेथील ज्यू इस्पितळ त्यांनी सांभाळले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले, त्या रात्री दारात येईल त्याला काही न विचारता दाखल करून घ्यावे, असा आदेश त्यांनी दिला. चौसष्ट जण आत आले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोच्या अधिकाऱ्यांपुढे एकेकाचा आजार पटवून देऊन त्यांनी त्यांतील साठ जणांची अटक टाळली. मार्च १९३९ मध्ये पत्नी व दोन मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले. नामांकित शल्यविशारद आता निर्वासित झाला होता.

ऑक्सफर्डमध्ये काही वर्षे संशोधनात गेली. युरोपात दुसरी आघाडी उघडण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा जायबंदी होणाऱ्या सैनिकांसाठी ब्रिटिश सरकारने स्टोक मँडेविल येथे १ फेब्रुवारी १९४४ रोजी कणाविकार केंद्र उघडले आणि त्याची सूत्रे गुटमन यांच्याकडे सोपविली. अशा रोग्यांचा बळी घेत ते कण्याची इजा नव्हे, तर अंथरुणाला खिळल्याने होणारे शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. म्हणून गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रंदिवस, प्रत्येक रोग्याची कूस बदलण्याचा दंडक घातला. मध्यरात्री स्वतः फेरी मारून तो पाळला जातो की नाही हे ते पाहत. परिचारिका व सेवक यांच्या हातांनी होणारे हे काम डॉक्टरी प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे आहे असे त्यांना कधी वाटले नाही. त्यांच्या कडक शिस्तीचा जाच अनेकांना झाला, पण रोगी जगू लागले.

जगलेल्या माणसाला नुसते जिवंत ठेवणे मात्र गुटमन यांना पुरेसे वाटेना. त्यांनी रोग्यांच्या हाती कामाची अवजारे दिली आणि खेळाची साधनेही दिली. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसून सोळा अपंगांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. त्या बीजातून १९६० साली रोम येथे भरलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिली पॅरालिंपिक म्हणून ओळखली जाते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले, ते याच परंपरेत. ज्या जर्मनीने गुटमन यांना देशोधडीला लावले, त्याच जर्मनीच्या भूमीवर हे घडावे, यात इतिहासाचा काही न्याय आहे.

१९६६ साली गुटमन यांना 'सर' हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले. कोणाला जगण्यास लायक मानावयाचे हे ठरविण्याचा अधिकार सत्तेने बळकावला की काय होते, हे त्यांनी जर्मनीत भोगले होते. इंग्लंडमध्ये तोच अधिकार निराश झालेल्या वैद्यकाच्या हाती त्यांना आढळला आणि तो त्यांनी नाकारला. इस्पितळांच्या भव्य इमारतींचा व यंत्रांचा गौरव करणाऱ्या समाजाने, रात्री दोन वाजता रोग्याची कूस बदलणाऱ्या हातांची किंमतही ओळखली पाहिजे. गुटमन यांनी ती ओळखली, म्हणून मेलेले समजले गेलेले हजारो जीव जगले.